मदत हवी: मायलोपथीची मराठी प्रश्नावली, रिटेस्ट कोणाची घ्यायची?

अबोली_फिजिओ

नमस्कार मंडळी,

मुंबईत पालिकेच्या एका रुग्णालयात एमपीटी (फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण) करतेय. थीसिस सर्व्हायकल मायलोपथीवर आहे. मानेतल्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूवर दाब येतो, बोटं जड होतात, चालताना तोल जातो, पुढे लघवीवरचा ताबा सुटतो, तोच आजार. जपानी ऑर्थोपेडिक असोसिएशनची त्यासाठी २४ प्रश्नांची प्रश्नावली आहे, जेओएसीएमईक्यू. मान, हात, पाय, लघवी आणि जीवनमान असे पाच विभाग, प्रत्येकाचे ० ते १०० गुण वेगळे, बेरीज करायची नाही. परवानगी, दोन भाषांतरं, उलट भाषांतर, तज्ज्ञ समिती, एथिक्स, सगळं उरकलंय. प्रीटेस्ट, म्हणजे थोड्या रुग्णांवर भाषांतर तपासून बघणं, चालू आहे आणि तिथेच गाडी अडलीय.

गाइड म्हणतात, दोन आठवड्यांनी त्याच रुग्णाकडून तीच प्रश्नावली परत भरून घे (हीच रिटेस्ट), निदान ५० जण हवेत, आयसीसी (दोन्ही वेळचे गुण किती जुळतात त्याचा आकडा) काढ आणि मोकळी हो. पण आमच्याकडे बरेच जण कोकणातून, मराठवाड्यातून एमआरआयची पिशवी काखेत मारून येतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. नुसता फॉर्म भरायला पुन्हा कोण येणार? ज्यांचा आजार वाढलाय त्यांचं तोवर ऑपरेशन होऊन जातं. उरतात ते लालबाग-दादरचे, सौम्य आजाराचे. फक्त त्यांच्यावर रिटेस्ट केली तर चालेल? की फोनवर घेऊ?

दुसरं, हा आजारच हातांचा. कित्येकांना पेन धरवत नाही. मग सोबतचा मुलगा कागद ओढून घेतो आणि बाबांना न विचारता टिकमार्क करत सुटतो. एका काकांना जिने चढताना त्रास होतो का विचारलं. ते म्हणाले, "छे, काही नाही." मुलगा लगेच, "खोटं बोलतात हो, कठडा सोडत नाहीत." कोणाचं उत्तर धरू?

आणि चमचा! प्रश्न असा की नेहमीच्या हाताने चमचा किंवा काटा वापरून जेवता येतं का. एक मावशी म्हणाल्या, "येतं की. हल्ली चमच्यानेच तर जेवते." भात कालवता येत नाही, घास बोटांतून गळतो, म्हणून चमचा आलाय. गुण मात्र पूर्ण मिळाले.

कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

आकडेमोड

गाइड सांगतात ते अर्धं बरोबर आहे. दोन आठवडे हा काही दगडावरचा नियम नव्हे. मधल्या काळात रुग्णाची प्रकृती बदललेली नसावी आणि आधीची उत्तरं त्याला पाठ नसावीत, एवढंच त्यामागे आहे. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न विचारा: मागच्या वेळेपेक्षा तब्येत तशीच, बरी की बिघडली? "तशीच" म्हणणारेच रिटेस्टमध्ये मोजा.

फक्त सौम्य रुग्ण मात्र घेऊ नका. रुग्णारुग्णांत खरा फरक असतो, त्याचा एकूण फरकात किती वाटा आहे हे आयसीसी सांगतो. सगळे एकाच पातळीचे घेतलेत तर तो वाटा आटतो आणि प्रश्नावली चांगली असूनही आकडा ०.७० च्या, म्हणजे सहसा किमान धरतात त्याच्या, खाली येऊ शकतो. एमजेओए या आजाराची तीव्रता मोजायच्या मापनश्रेणीवर १५ ते १७ गुण सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे तीव्र. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मध्यम आणि तीव्र रुग्णांना शस्त्रक्रियाच सुचवलीय, म्हणजे ते तुमच्या हातून निसटणारच. त्यांना पहिली प्रश्नावली ओपीडीत द्या आणि दुसरी भरतीच्या दिवशी, केस पेपर करतानाच. वॉर्डात चार दिवस पडल्यावर नको. प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात, आणि खाटेवरचा माणूस त्या आठवड्यात जिना चढलेलाच नसतो.

फोन चालेल, पण पहिली वेळही वाचून दाखवूनच घेतलेली असेल तर. एकदा कागद, एकदा फोन, असं केलंत की फरक रुग्णाचा की पद्धतीचा, हे सांगता येणार नाही.

आयसीसीवर थांबू नका, मोजमापाची चूकही काढा. या प्रश्नावलीत एखाद्या विभागात २० गुण वाढले की उपचार लागू पडला असं धरतात. तुमच्या आवृत्तीत तब्येत काहीही न बदलता गुण २५ ने इकडेतिकडे होत असतील तर त्या २० ला काय अर्थ राहिला? थीसिसमध्ये परीक्षक हेच विचारतील, निदान मी तरी विचारेन.

क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे एका विभागातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, विभागवार काढा. लघवीच्या विभागात कमी आला तर घाबरू नका. रात्री उठावं लागतं ते प्रोस्टेटमुळेही आणि मधुमेहामुळेही. प्रोस्टेट आणि शुगरची नोंद फॉर्मवर ठेवा.

ओपीडी_नंबर_९

मुलाला चहाला पाठवा. 😀

खरंच सांगते, अबोलीताई, तोच उपाय आहे. लिहिता येत नसेल त्याला एकाच प्रशिक्षित माणसाने प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायचा, पर्याय मोठ्या अक्षरात कार्डावर, रुग्ण बोट ठेवेल तिथे खूण. समजावून सांगायला लागलात की ती तुमची उत्तरं झाली. उपचार करणाऱ्या डॉक्टरने तर वाचूच नये, त्यांच्यासमोर सगळे बरे असतात. खूण कोणी केली ते फॉर्मवर लिहा.

काका "काही नाही" म्हणाले तर तेच उत्तर. कठड्याचा निकाल चालण्याच्या चाचणीत लागेल. हातांसाठी १० सेकंदांत मूठ किती वेळा उघडझाप होते ते मोजा, निरोगी माणसाची २० च्या आसपास किंवा जास्त होते. या चाचण्यांशी हात-पाय विभागाचे गुण कितपत जुळावेत, ते आकडे गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.

गिरगावची_सून

माझ्या सासूबाईंचं हेच ऑपरेशन झालंय, तेवढ्या अनुभवावर बोलते. चमच्याचं अगदी खरं. आणि पुढचा प्रश्न शर्टाच्या बटणांचा असेल ना? त्या आयुष्यात शर्ट घातलेल्या नाहीत. ब्लाउजचे हूक लागेनात आणि निऱ्या हातात धरवेनात, तेव्हा आम्हाला कळलं काहीतरी बिघडलंय. तोवर सगळे वय झालं म्हणत होते.

अबोली_फिजिओ

सगळ्यांचे आभार! भरतीच्या दिवसाची कल्पना गाइडना लगेच पटली. बटणांच्या प्रश्नात ब्लाउजचे हूक घालायचं समितीपुढे ठेवतेय. चमच्याऐवजी "हाताने कालवून घास घेता येतो का" असं करू का? की मूळ प्रश्न ठेवून हा जादा विचारू?

आकडेमोड

बदलू शकता. बीटन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचनांत नेमकं काट्याने जेवण्याचंच उदाहरण आहे: जिथे काटा वापरतच नाहीत तिथे प्रश्न बदलावा. पण प्रीटेस्टमध्ये दोन्ही विचारा, उत्तरं कुठे फुटतात ते दिसेल. आणि बदललेल्या प्रश्नाला हक्कधारकांची लेखी संमती आधी घ्या. मुख्य डेटा त्यानंतरच.