गायरानावर सौरप्रकल्प: दिवसा वीज पाहिजे, पण चराऊ जमीन देऊन?

माळावरचा_करवीरकर
मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० साठी आमच्या गायरानाची मोजणी झाली. विजेच्या उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही २०२३ ची योजना. दिवसा वीज मलाही पाहिजे. तरीही गायरान देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

एका मेगावॉटला चार-पाच एकर जागा जाते आणि भोवती कुंपण पडतं. उसाचं गळीत चालू असतं तोवर जनावरांना वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, मिळतात. साखर कारखाने बंद झाले की चैत्र-वैशाखात, ज्याला गुंठाभर रान नाही त्यानं म्हशी सोडायच्या कुठं? आमच्या गल्लीतल्या एका मावशींचं घर दोन म्हशींवर चालतं. दहा दिवसांचं दूधबिल आलं की किराणा भरतात.

जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला गावच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलंय. ते धाब्यावर बसवायचं का?

रातपाळीचा_पाणक्या
दादा, मी तुमच्याच गावचा, खालच्या आळीतला. पंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली की बारा-एकला बॅटरी घेऊन उसात शिरावं लागतं. मागच्या साली पाण्याची दारं मोडताना पायाजवळनं घोणस सरकली, तेव्हापासून आई झोपत नाही. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ ला कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकरी ठिय्या मारून बसले होते. आता ती मिळायची वेळ आली तर आपणच आडवं पडायचं?

आणि तो निकाल तळं बळकावून घरं बांधणाऱ्यांविरुद्धचा होता. इथं गावच्याच पंपांना वीज मिळणार. जमीन महसूल संहितेच्या कलम २२अ प्रमाणं, दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर, सार्वजनिक प्रकल्पासाठी गायरानाचा वापर बदलता येतो. वर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात.

माळावरचा_करवीरकर
तुमच्या आईची काळजी कळते, भाऊ. रात्रीचं पाणी मीही पाजलंय. पण ते ५ लाख तीनच वर्षं, आणि वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा. तेवढ्यात गुरं राखणारी एक पिढी संपते. याच योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढीसकट. मुरमाड माळाचे मालक आहेत की! आधी त्यांना विचारा.

राधानगरीची_सून
आमच्याकडं सापाच्या जोडीला गवाही येतो, त्यामुळं मी पाणक्या दादांच्या बाजूची. खासगी माळ म्हणताय, पण जागा उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत लागते. तेवढ्यात बहुतेक सगळा बागायती ऊस. तो मोडून भाड्यानं कोण देईल?

मात्र गायरान सगळंच्या सगळं का घ्यायचं, हे मलाही पटत नाही. पाणवठा आणि जनावरांची वाट सोडूनच नकाशा झाला पाहिजे. आमच्या वाडीत एकदा वाट बंद झाली, तेव्हा गुरं ओढ्याला न्यायला सगळ्या माळाला वळसा पडायचा.

माळावरचा_करवीरकर
ताई, पाच किलोमीटरचा मुद्दा खरा आहे. तरी गट नंबर काढून माळवाल्यांना एकदा विचारल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. ग्रामसभेत तसा ठराव मांडतोय.

रातपाळीचा_पाणक्या
मांडा. मी विरोधात हात वर करणार. पण मावशींना घेऊन या, त्यांचं सगळ्यांसमोर ऐकलं पाहिजे.