मदत हवी आहे: अण्णांच्या तेराव्याच्या रात्रीच हक्कसोडपत्र पुढे आलं

अण्णा, माझे वडील, जाऊन सतरा दिवस झाले. मी सहा वर्षांनी गावी आलेय (वाळवा तालुका). इतकी वर्षं का आले नाही ते उगाळत बसत नाही. अण्णांचं पिणं, त्यावरून घरात रोजचा तमाशा, माझ्या लग्नाला माहेरचं कुणीच नाही, यावरून काय ते समजा. रडू अजून आलेलं नाही. रक्षाविसर्जनाला भावकीतल्या बायका माझ्याच तोंडाकडे बघत होत्या.

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि भावाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला वाटा सोडून दिल्याचा, कागद काढला. अडीच एकर ऊस, सगळा अण्णांच्या नावावर. "बहिणी सोडूनच देतात, तू काय जगावेगळी?" त्याच कागदावर आईचीही सही हवी आहे! आई सगळ्यांसमोर म्हणाली, "दे बाई सही, मला हितंच दिवस काढायचेत." आणि सकाळी पाणी तापवायच्या चुलीपाशी हळूच म्हणते, "माझं नाव तेवढं राहू दे गं." यातलं खरं कुठलं धरू?

मला जमीन नको. पण उताऱ्यावर आईचं नाव नसलं तर तिला या घरात कोण विचारणार? भाऊ म्हणतो, तलाठ्याकडे तीन महिन्यांत नाही दिलं तर सगळं अडकेल. सोमवारी तालुक्याला चला म्हणतोय. नाही म्हटलं तर माहेर तुटलंच समजायचं. मी थांबू की पुण्याला निघून जाऊ?

प्रतिसाद १
ताई, सोमवारी सही करू नका. तीन महिने वारस नोंदीला आहेत, हक्कसोडपत्राला मुदत नसते. उशीर झाला म्हणून हक्कही जात नाही. मृत्यूचा दाखला जोडून तिघांच्या नावांचा अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही जातो. मृत्युपत्र नसेल आणि आजी हयात नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे तुम्हा तिघांचा सारखा वाटा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तुम्हाला नकोच असेल तर पुढे सवडीने तुमचा हिस्सा आईच्या नावे सोडता येतो का, ते वकिलाला विचारा. आमच्या आत्याने रागात सही केली होती, नंतर कोर्टाच्या चकरा.

धागाकर्ती
आजी नाही, मृत्युपत्रही नाही. तिघांच्या नावाने अर्ज भरलाय. भाऊ बोलत नाही. आईने आज त्याचं ताट माझ्या हातून पाठवलं, त्याने मान खाली घालून जेवलं. बुधवारपर्यंत थांबतेय.