मदत हवी आहे: संकरित नेपियर गवताला कापणीनंतर युरिया किती द्यावा? चाऱ्यात नायट्रेट साठून गुरांना विषबाधा होईल अशी भीती वाटते

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमचं 20 गुंठे फुले जयवंत जातीचं नेपियर आहे. पाटपाणी, जमीन काळी पण चुनखडीची. दावणीला सहा एचएफ (होल्स्टीन) गायी, त्यातल्या दोन गाभण.

कापणी दर 40-45 दिवसांनी. माझ्याकडच्या माहितीपत्रकात दर कापणीनंतर हेक्टरी 25 किलो नत्र लिहिलंय, म्हणजे आम्हाला साधारण 11 किलो युरिया. मी 45 किलोची अर्धी गोणी टाकतो. कारण एका कापणीला चारेक टन हिरवा चारा निघतो. त्यात 20 टक्के शुष्क भाग धरला तर 800 किलो, त्याच्या 9 टक्के प्रथिनं म्हणजे 72 किलो. त्याला 6.25 ने (प्रथिनांवरून नत्र काढायचा आकडा) भागलं की साडेअकरा किलो नत्र रानातून गेलं. अर्ध्या गोणीतून जेमतेम दहा किलो परत जातं. वडील म्हणतात आख्खी गोणी टाक, वजन वाढेल.

माझी काळजी वेगळी आहे. गोठ्याचं मूतपाणी उतरतं त्या दोन सऱ्यांतलं गवत काळंभोर झालंय, पेरं जाड, रसरशीत. याच सऱ्यांना युरियाही पडलाय. आठवडाभर आभाळ आहे, ऊन नाही, आणि गवत कापणीला आलंय. हे गाभण गायींना घालावं का? आणि युरिया कापल्या कापल्या द्यावा की फुटवे दिसल्यावर? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद 1:
दादा, त्या दोन सऱ्यांना युरिया बंदच करा, त्यांना गोठाच पुरतो. बाकी रानाला अर्धी गोणी ठीक, पण शेणखत पडत असेल तर त्याहून कमी चालेल. आख्खी नको. चुनखडीच्या रानात वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, म्हणून फुटवे दिसले की सरीत टाकून मातीआड करा आणि लगेच पाणी सोडा. कापणीच्या तोंडावर तर अजिबात नको.

प्रतिसाद 2:
आभाळात गवत नत्र उचलतं, पण ऊन नसल्यानं त्याचं प्रथिन होत नाही, नायट्रेट तसंच साठतं आणि तेही बुडख्याकडच्या पेरांत जास्त. दोन-चार दिवस चांगलं ऊन पडू द्या, मग जरा वरून कापा. वाळवून नायट्रेट जात नाही हे लक्षात ठेवा. मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यात) बरंच कमी होतं. गुरांच्या डॉक्टरांकडे डायफेनिल अमाइनचं द्रावण असेल तर पेर उभं चिरून थेंब टाकायला सांगा, गडद निळं झालं की नायट्रेट भरपूर. द्रावणात तीव्र आम्ल असतं, स्वतः हाताळू नका. भुकेल्या गायीपुढे हा चारा कधीच टाकू नका, आधी कडबा. धाप लागली, रक्त चॉकलेटी दिसलं तर डॉक्टरांना बोलवायला क्षणभर थांबू नका, या विषबाधेवरचा उतारा असलेलं मिथिलिन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. कापणी पुढे ढकलतो. त्या दोन सऱ्या वेगळ्या कापून मुरघासाच्या बॅगेत भरेन, गाभण गायींना तूर्त कडबाच. वडिलांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, गोणी अर्धीच ठरली. पोटॅश किती द्यावं हेही कुणी सांगेल का?