मदत हवी आहे: थॅडियस स्टीव्हन्सचा १८२१ चा खटला

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा वकील आणि तिथल्या काँग्रेसचा (म्हणजे संसदेचा) सदस्य थॅडियस स्टीव्हन्स (१७९२-१८६८) याच्यावर लेख लिहितोय. गुलामगिरीचा कट्टर विरोधक. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या बंडखोर जमीनदारांच्या जमिनी काढून मुक्त गुलामांना ४० एकर द्या म्हणणारा, म्हणजे जवळजवळ ‘कसेल त्याची जमीन’च! (अर्थात, ते काही मंजूर झालं नाही.)

माझी गाडी अडलीय १८२१ च्या खटल्यावर. गुलामाला पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवलं की तो मुक्त, असा कायदा होता. चॅरिटी बटलर या बाईने त्यावर स्वतःचं आणि मुलांचं स्वातंत्र्य मागितलं. स्टीव्हन्स मालकाचा वकील. मुक्काम तुकड्यातुकड्यांचा होता, सलग नाही, असा मुद्दा काढून त्याने खटला जिंकला. आणि हाच माणूस पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवायचा!

या बदलाबद्दल त्याने स्वतः कुठे लिहिलंय का? पत्र, भाषण, काहीही चालेल. ‘पश्चात्ताप झाला’ असं पुराव्याशिवाय ठोकून द्यायला मन घेत नाही. वकील मंडळींनाही विचारतो: तेव्हा तिकडे आलेलं अशील नाकारायची मुभा वकिलाला कितपत असायची?