गार्डन स्टेट, सूनर, शो मी... अमेरिकेतल्या राज्यांना ही टोपणनावं कुणी ठेवली?

एडिसनकर_नवा
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे नुकताच न्यू जर्सीत आलोय. इथे प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर खाली 'गार्डन स्टेट' लिहिलेलं असतं आणि बाहेर बघावं तर टर्नपाइक (टोलचा हायवे), गोदामं, रिफायनरीच्या चिमण्या नि ट्रॅफिक. बागा कुठायत? सिरियसली विचारतोय. ऑफिसात एक ओक्लाहोमाचा आहे तो स्वतःला अभिमानाने 'सूनर' म्हणवतो, दुसरी मिसूरीची, तिचं 'शो मी स्टेट'. ही नावं सरकारने ठेवली की लोकांनी? गूगल केलं तर पन्नास राज्यांच्या नुसत्या याद्या येतात, गोष्ट कुणी सांगतच नाही.

जर्सीवाली_मावशी
अरे एडिसन आणि न्यूअर्क बघून न्यू जर्सी ठरवू नकोस. दक्षिणेला जरा खाली उतर, टोमॅटो, क्रॅनबेरी, ब्लूबेरी, शेतंच शेतं. आपण दुकानातून डबे उचलतो ना, ती टपोरी ब्लूबेरी इथलीच. व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट आणि कृषी खात्याचे फ्रेडरिक कोव्हिल यांनी जंगली झुडपांतून चांगली चांगली निवडून ती तयार केली, १९१६ ला पहिला माल बाजारात गेला. कॅम्पबेलचं टोमॅटो सूपही इथल्याच कॅमडेन शहराचं.

नाव त्याच्याही आधीचं. १८७६ ला फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे न्यू जर्सीचे अब्राहम ब्राउनिंग भाषणात म्हणाले की आमचं हे गार्डन स्टेट म्हणजे खायच्या जिनसांनी भरलेलं दोन्हीकडून उघडं पिंप आहे, एका तोंडाने पेनसिल्व्हेनियावाले ओरपतात, दुसऱ्याने न्यूयॉर्कवाले. (हीच उपमा बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावरही खपवतात, मोठ्या माणसाच्या नावावर काय वाट्टेल ते खपतं.) नंबरप्लेटवर ते आलं १९५४ च्या कायद्याने, आणि गंमत म्हणजे गव्हर्नर मेनर यांनी त्याला नकार दिला होता, म्हणाले सामान्य माणूस काही आपलं राज्य म्हणजे शेतीबागाच असं समजत नाही. थोडक्यात तुझाच प्रश्न! पण विधिमंडळाने त्यांचा नकार फिरवला आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

प्रेअरीचा_वारा
त्या सूनरला विचारा त्याला माहितीय का की ती मुळात शिवी आहे म्हणून 😀

२२ एप्रिल १८८९, दुपारी १२ चा ठोका. क्रीक आणि सेमिनोल लोकांकडून सरकारने आधीच काढून घेतलेली जमीन गोऱ्या वस्तीला खुली केली, नियम असा की हद्दीबाहेर थांबायचं, इशारा झाला की घोडे, गाड्या, पाय जे असेल ते दामटवायचं आणि १६० एकराचा तुकडा अडवायचा. आता नियम म्हटला की पळवाट आलीच, काही जण आधीच गुपचूप आत घुसून झाडीत दबा धरून बसले. वेळेच्या आधी, इंग्रजीत 'सूनर', गेले म्हणून सूनर. कायद्याने अशांना जमीन मिळणार नव्हती, त्यामुळे पुढे कितीतरी दावे कोर्टात कुजले. आणि मग १९०८ पासून युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमनेच ते नाव घेतलं आणि संपली बदनामी. टीम जिंकायला लागली की घुसखोर पण पूर्वज होतो. ज्यांची जमीन होती त्यांचं नाव मात्र या टोपणनावात कुठेच नाही, हे मला खटकतं.

खडूस_काका
बरीचशी नावं अशीच चिडवण्यातून आलीत. विस्कॉन्सिन 'बॅजर स्टेट' का, तर तिथे शिशाच्या खाणीत काम करणारे लोक हिवाळ्यात घरं बांधायच्या भानगडीत न पडता टेकडीत बिळं खणून राहायचे, बॅजर प्राण्यासारखे. कनेक्टिकटला 'नटमेग स्टेट' म्हणायचे कारण तिथले फिरते विक्रेते लाकडाचं जायफळ कोरून विकतात अशी वदंता. बदनामी नको म्हणून असेल, १९५९ ला त्यांनी अधिकृत नाव 'कॉन्स्टिट्यूशन स्टेट' केलं. मिसूरीचं सगळे व्हँडिव्हर नावाच्या खासदाराला चिकटवतात, १८९९ मध्ये फिलाडेल्फियात तो म्हणाला की गोडगोड भाषणांनी माझं समाधान होत नाही, मी मिसूरीचा, मला दाखवा. पण ही म्हण त्याच्या आधीपासून होती. दुसरी गोष्ट कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची, संपाच्या वेळी मिसूरीहून आणलेल्या खाणकामगारांना प्रत्येक काम दाखवून द्यावं लागायचं म्हणून. मला ही दुसरीच पटते, नेत्याची गोष्ट जरा जास्तच चकचकीत आहे.

जॉर्जियाचं 'पीच स्टेट' तर निव्वळ मार्केटिंग. शेजारच्या साउथ कॅरोलिनात त्यांच्यापेक्षा जास्त पीच होतात, आणि कॅलिफोर्निया दोघांनाही मागे टाकतं.

एडिसनकर_नवा
काका, जायफळवाला किस्सा भारीच! पण मग एखाद्याला पाटीवरचा मजकूर आवडला नाही तर?

प्रेअरीचा_वारा
त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय प्रकरण. टोपणनाव नव्हे, ब्रीदवाक्य. न्यू हॅम्पशायरच्या प्लेटवर 'लिव्ह फ्री ऑर डाय' असतं, एका माणसाला धार्मिक कारणाने ते मान्य नव्हतं म्हणून त्याने ते झाकलं, दंड झाला, भरला नाही म्हणून १५ दिवस जेलमध्ये गेला. १९७७ ला कोर्टाने सांगितलं की सरकारचा संदेश आपल्या गाडीवर मिरवायची सक्ती नागरिकावर करता येत नाही. आयडाहोवाले मात्र 'फेमस पोटॅटोज' घेऊन फिरतातच की.