नवे नाल ठोकल्यापासून घोडी लंगडतेय

माथेरानला दस्तुरी नाक्यावर माझी घोडी चालते. परवा चारही पायांना नवे नाल मारले आणि रात्रीपासून ती पुढचा डावा पाय टेकत नाही. खूर गरम लागतो, टाचेवरची नाडी जोरात उडतेय. वर सूज नाही. नाल राहू द्यावा का?

उत्तर: नाही, आजच काढा. खिळा आतल्या जिवंत भागाला लागलाय, नाहीतर अगदी चिकटून गेलाय. नाल एका झटक्यात उपटू नका. खिळे एकेक काढा आणि प्रत्येक नीट बघा. ज्याला रक्त, काळं पाणी किंवा घाण वास असेल ती जागा डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस विचारा, घोड्याला तो फार सहज होतो.

उत्तर: पू असेल तर डॉक्टर वाट करून देतील, स्वतः कोरू नका. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून खूर बुडवा. आणि दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन पर्यटक बसवू नका, हात जोडून सांगतो.

प्रश्नकर्ता: बाहेरच्या बाजूच्या खिळ्यातून काळं पाणी निघालं. डॉक्टरांनी वाट केली, आता पाय टेकते. नाल परत कधी?

उत्तर: भोक कोरडं, टणक झाल्यावर, त्या जागी खिळा नको. तोवर पेव्हर ब्लॉक टाळा, लाल मातीवर हातात धरून फिरवा.