मदत हवी आहे: सिरिंज पंपाचा कीपॅड आणि गिळलेलं टिंब

नमस्कार मंडळी,

इंदूरला सांवेर रोडवर एका छोट्या कारखान्यात सिरिंज पंपाचं (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने रुग्णाला देणारं यंत्र) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, लिहितो. मागच्या आठवड्यात एका आयसीयूत डेमोला गेलो होतो. सिस्टरनी ग्लोव्हज घातलेले, नजर मॉनिटरवर, आणि बोटांनी दाबलं १००.५. आमच्या पंपात १०० च्या वर दशांश चालत नाही, म्हणून कोडने टिंब गुपचूप गिळलं. स्क्रीनवर १००५! सिरिंजमध्ये नुसतं पाणी होतं, तरी पोटात गोळा आला. (कोड माझाच, तीन वर्षांपूर्वीचा.)

साहेब म्हणतात, ट्रेनिंग द्या आणि वर एक 'खात्री आहे का?' टाका. मला पटत नाही. तो प्रश्न दिवसातून पन्नासदा आला की बोट आपोआप 'हो'वर जातं. थेरॅक-२५ या रेडिएशनच्या मशीनवर १९८५ ते ८७ मध्ये सहा रुग्णांना भलतेच जास्त डोस गेले. तिथे एरर इतक्या वेळा यायचे की ऑपरेटरांना 'पी' दाबून पुढे जायची सवयच लागली होती.

उलट दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ हे बॉम्बर विमान बघा. पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने एकाला चाकासारखी मूठ सुचवली, दुसऱ्याला फ्लॅपसारखी. मला या जातीचा उपाय हवाय.

सध्या ठरवलंय ते एवढंच: टिंब चालत नसेल तर बीप देऊन एंट्री तिथेच अडवायची. .५ न दाखवता ०.५ दाखवायचं, पण ५.० कधीच नाही, नुसतं ५; टिंब नजरेतून सुटलं तर .५ चे ५ आणि ५.० चे ५० वाचले जातात.

अडलंय ते दोन ठिकाणी. कीपॅड काढून वर-खाली बाण दिले तर नजर आकड्यावर राहते, पण शून्यापासून १२० पर्यंत दाबत बसायला सिस्टर वैतागतील. कोणी दोन्ही वापरून पाहिलंय का?

दुसरं जास्त अवघड. टेबलाशी बसून मी होऊ शकणाऱ्या २२ चुकांची यादी केली होती, टिंबाची त्यात नव्हती. अशा चुका आधी सापडतात कशा? रात्रपाळीला आयसीयूत कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायची परवानगी कोणी मिळवली आहे का? अर्ज कोणाच्या नावे करायचा?

ता. क. 'मॅन्युअलमध्ये लिहा' असं कृपया सुचवू नका. पान ४१ वर लिहिलेलं आहे, मीच लिहिलंय.